वाळूवरचं अंदाजपत्रक

नगरपालिकेच्या दारावर ती नोटीस लागली की मला खरबुजाचा वास येतो.

हे वाक्य पत्रकात लिहिलं असतं तर इरफाननं सगळ्यात आधी तेच खोडलं असतं. पत्रकाला वास नसतो, पत्रकाला मागण्या असतात, असं त्याचं म्हणणं. पत्रकं मी लिहायची आणि तो ती भावाच्या छापखान्यात छापायचा, अशी आमची वाटणी होती. माझं प्रत्येक वाक्य आरोळी ठोकूनच संपायचं आणि निम्म्या आरोळ्या तो छापताना गुपचूप गाळायचा. आज शेजारी इरफान नाही आणि मी पत्रकही लिहीत नाही. त्यामुळं वास येऊ द्यावा म्हणते.

नोटीस दरवर्षीचीच. येत्या वर्षाचं अंदाजपत्रक तयार होत आहे, तरी नागरिकांनी आपापल्या सूचना मांडाव्यात. ती चिकटवतात अशा जागी, की कार्यालयाचं दार उघडलं की ती दाराआड जाते. म्हणजे कार्यालय बंद झाल्यावरच ती वाचता येते. हे मुद्दाम करतात असं मी एका पत्रकात लिहिलं होतं. आता वाटतं, मुद्दाम करण्याइतका विचार तरी कुणी कशाला केला असेल. त्यानं माझा राग कमी होत नाही. उलट वाढतो.

पावसाळा, हिवाळा, उन्हाळा सगळ्यांचे असतात. माझा एक ऋतू वेगळा आहे आणि तो कॅलेंडरात नाही. संक्रांतीचा तिळगूळ संपून डब्यात नुसता चुरा उरतो तिथून तो सुरू होतो आणि पळस पेटतो तिथपर्यंत चालतो. सकाळी अंगावर घेतलेली शाल दुपारी डोक्यावर घ्यावी लागते. हरभऱ्याच्या रानातून चाललं की पानांवरची आंबट आंब लागून पाय चरचरतात. कचेऱ्यांत या दिवसांत माणसं चक्क जागेवर सापडतात, कारण फेब्रुवारी सरायच्या आत शहराचं वर्षभराचं नशीब कागदावर मांडून वर पाठवायचं असतं. पुरानंतरच्या त्या एका वर्षी हा ऋतू मी पुरता जगले. तेव्हापासून तो नुसता येतो आणि जातो.

पुराबद्दल मी फार लिहिणार नाही. भाद्रपदात नदी गावात आली, एवढं पुरे. तेव्हा सगळ्यांनी लिहिलं, गाड्या भरून माणसं आली, पाण्यात उभं राहून फोटो काढून घेतले आणि परत गेली. पाणी ओसरल्यावर जे उरतं त्याबद्दल कुणी लिहीत नाही. फुगून न लागणारं कपाटाचं दार. उन्हात टाकून टाकून कंटाळा आला तरी न जाणारा गाद्यांचा वास. चुलीपाशी बसलं तरी मागच्या भिंतीतून पाठीला लागणारी ओल. हे सगळ्यात जास्त उरलं होतं ते खालच्या गल्लीत.

खालची गल्ली म्हणजे बाजाराकडं पाठ आणि नदीकडं तोंड करून बसलेली घरं. तिथल्या लोकांना शेत नाही. नदी आहे. पावसाळा सरून पाणी मधल्या एका धारेवर आलं की दोन्ही अंगांनी वाळू उघडी पडते, आणि त्या वाळूत हे लोक वाड्या करतात. ओल लागेपर्यंत चर खणायचे, त्यात शेणखत भरायचं, फडक्यात मोड आणलेलं बी लावायचं, वाऱ्याला आडोसा म्हणून कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे कूड उभे करायचे. मग खरबूज, टरबूज, काकड्या, वाळकं. आमच्या गावात उन्हाळा आभाळातून उतरत नसे. तो खालच्या गल्लीतून वर चढायचा, बायकांच्या डोक्यावरच्या पाट्यांतून.

आणि नदी दर पावसाळ्यात वाळू नव्यानं मांडते. गेल्या साली जिथं उत्तम वाडी होती तिथं यंदा डोह. त्यामुळं खालच्या गल्लीत कुणाचाच वाटा कायमचा नसतो. दरवर्षी सगळं मोडून पहिल्यापासून वाटायचं.

ते वाटप मी एकदाच पाहिलं, त्या पुराच्या साली. दिवाळी झाल्यावर इरफान आणि मी नुकसानीची माहिती गोळा करत हिंडत होतो. गल्लीत माणूस सापडेना म्हणून खाली नदीत उतरलो, तर आख्खी गल्ली वाळूत गोल करून बसलेली. कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. मला वाटलं, कुणी गेलं. सगळे आपापल्या पुढ्यातल्या वाळूकडं बघत होते. मग त्यातून एक काटकुळी बाई उठली, पदर खोचला आणि चालायला लागली.

ती द्वारकामावशी. तिचा नवरा आधीच वारलेला. पुरात घर बसलं, शेरडं वाहून गेली, पेरायचं बी गेलं. ती अनवाणी चालत गेली. मधेच बसून कोपरापर्यंत हात वाळूत खुपसायची, ओली वाळू नाकाशी धरायची, पुन्हा उठायची. वळणापाशी थांबली. मागं आली. पुन्हा तिकडं गेली. ऊन चढलं. एक पोर हसलं, त्याच्या पाठीत धपाटा बसला. मी शेजारच्या म्हाताऱ्याला हळूच विचारलं, हे काय चाललंय. तो माझ्याकडं न बघताच म्हणाला, "गप बस माय. ती बगायलीय."

नियम मला नंतर मावशीनंच सांगितला. वर्ष ज्याला सगळ्यात जास्त लागलं, त्यानं पहिल्यांदा जागा निवडायची. त्याचं नाव कुणी घेत नाही. सगळे खाली बघतात आणि ज्याचं त्याला कळतं. त्यानं निवडेपर्यंत दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. का, तर एखादा सहज बोलून गेला की पलीकडचं वळण बरं दिसतंय, तर निवडणारं माणूस भिडेपोटी ते वळण त्याच्यासाठी सोडून देईल. म्हणून गप्प. पहिल्याचं झालं की मग त्याच्या खालोखाल लागलेला, असं करत करत शेवटी ज्याचं साल बरं गेलं तो. त्या साली बरं कुणाचं जाणार? ज्याची एकच भिंत पडली होती असा एक गडी शेवटी उठला. त्याच्या वाट्याला नुसते गोटे उरले होते. तो म्हणाला, "चला, औंदा गोट्याची भाजी." सगळी गल्ली हसली. पुरानंतर तिथं हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

'वंचितांना प्राधान्य' हे दोन शब्द मी इतक्या पत्रकांत लिहिलेत की हाताला सवय झाली होती. त्या सकाळी ते शब्द पदर खोचून वाळूतून चालताना दिसले.

नगरपालिकेचं अंदाजपत्रक असं नसतं. मी ते हट्टानं वाचलंय, इरफाननं कुठूनतरी मिळवून दिलेलं. त्यात गेल्या वर्षीच्या आकड्यावर थोडं चढवायचं आणि पुढं जायचं. ज्या गल्लीत गेल्या वर्षी दिवा होता तिला यंदा दिव्याची दुरुस्ती, आणि ज्या गल्लीत दिवाच नव्हता तिला दुरुस्ती कशाची देणार? पूर आला, गाव उलटंपालटं झालं, नदीनं वाळू नव्यानं मांडली, तरी यांची मांडणी जुनीच. त्या साली पहिल्या पानावर काय होतं सांगू? वेशीवर स्वागत कमान. आमचे किराणावाले शिवलिंगअप्पा मी दाखवलेला कागद चष्म्यातून वाचून म्हणाले, "असू दे की. फुडल्या टायमाला पाणी आलं तर त्यालाबी सुस्वागतम् म्हनता यील."

अप्पा गळ्यातल्या लिंगाला हात लावल्याशिवाय गल्ला उघडत नाहीत आणि चिमटा काढल्याशिवाय बंद करत नाहीत. त्यांचं दुकान वरच्या पेठेत, पण जीव खालच्या गल्लीत. कारण महाशिवरात्रीचा उपास ते त्या गल्लीतल्या पहिल्या खरबुजावर सोडायचे. बाजारातलं चालायचं नाही. देवाला नदीतलं, मग आम्हाला नदीतलं, असा त्यांच्या घरचा शिरस्ता.

पुरानंतर नदीकाठी संरक्षक भिंत बांधायची हे वरूनच ठरून आलं होतं. भिंत हवीच होती, त्याबद्दल गल्लीतही दुमत नव्हतं. ज्यांची भांडी वाहून गेली त्यांना भिंतीचं महत्त्व शिकवावं लागत नाही. पण भिंत सरळ बांधली तर गल्ली आणि वाळू यांच्यामध्ये ती उभी राहणार. माणूस कसाबसा उतरेल, शेणखताची गाडी कुठून उतरणार? खताशिवाय वाळूत काय उगवणार? म्हणून भिंतीला एक उतार पाहिजे होता, बैलगाडी जाईल इतका रुंद. एवढीच मागणी. ती अंदाजपत्रकात गेली नाही तर खालच्या गल्लीचा धंदा गेला. मी मावशीला हजारदा सांगून ठेवलं होतं, सुनावणीत उतार मागायचा. ती दर वेळी म्हणायची, "व्हय की."

सुनावणी जानेवारीत झाली. तेव्हा पालिकेत नगरसेवक नव्हते, मुदती संपलेल्या आणि निवडणुका लांबलेल्या. प्रशासक म्हणून साहेब एकटेच सगळं बघत. सभागृहात सतरंजी, मागं खुर्च्या, टेबलावर नदीकाठचा मोठा नकाशा पसरलेला. वरच्या पेठेची माणसं नाव पुकारायच्या आत उभी राहत होती. दिवे, बाग, कमान, कमानीवर रोषणाई. मग साहेब म्हणाले, "खालची गल्ली. बोला, काय सूचना?"

कुणी बोललं नाही.

सगळी गल्ली सतरंजीकडं बघत बसली. मी मागून खुणा करत होते. मग मावशी उठली. माझ्या जिवात जीव आला. ती टेबलापाशी गेली आणि नकाशावर वाकली. नदीच्या निळ्या रेघेवर तिनं बोट ठेवलं, रेघेबरोबर चालवत वळणापर्यंत नेलं, मागं आणलं, पुन्हा नेलं. तळवा पालथा ठेवून दाबून पाहिलं. साहेब जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, आजी, नकाशाला हात नका लावू, जागेवर बसा. मावशी येऊन बसली. साहेबांनी पुन्हा विचारलं. गल्ली पुन्हा सतरंजीकडं बघायला लागली, कारण तिचं अजून झालं नव्हतं. मी उठून बोलायला लागले तर साहेब म्हणाले, तुम्ही त्या प्रभागातल्या नाही, तुमच्या पाळीला बोला. शेजारच्या कारकुनाला त्यांनी सांगितलं, "लिहा, सूचना नाहीत."

साहेब दुष्ट नव्हते. सगळ्यांना चहा दिला होता, खालच्या गल्लीलाही त्याच कपांतून. हे लिहिताना हात अडखळतो, कारण माझ्या पत्रकात साहेब दुष्टच असायचे आणि ते सोपं होतं. माणूस आपल्याला काय हवं ते बघायला वेळ घेतो, ही गोष्ट त्यांना कधी कुणी दाखवलीच नव्हती.

येताना मी रस्त्यातच भडकले. मावशी, एक वाक्य बोलायचं होतं, एक. ती शांतपणे म्हणाली, "बोलनारच व्हते की. बगू तर दे मानसाला. उतार कुटं पायजे ते पानी कुटं वळतंय त्याच्यावर हाय. अर्दं बगितलं तवर ह्यो म्हनतो बस. दाखवायलाबी तयार न्हाई आन् इचारायलाय काय पायजे." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू कामून येवडी तापायलीस? तुजी वाडी हाय का तितं?"

मला तिचा तेव्हा राग आला. खरं सांगायचं तर अजूनही येतो. पण त्या रागाला आता कसलीतरी गोडी लागलीय.

कारण त्यानंतर जो माघ-फाल्गुन आला तसा मी पुन्हा पाहिला नाही. पुरानं घरं नेली, पण वाळूवर गाळाचा काळा थर टाकून ठेवला होता. त्या गाळात वेल असे पसरले की कुडाबाहेर धावायला लागले. खरबुजांना जाळी धरली, देठ सुटायला लागले आणि वास गल्लीत घुसला. घरांत अजून ओल होती, गाद्यांचा कुबट वास होता, आणि त्याच्यावर हा वास. सकाळी पाट्या वर चढायच्या तेव्हा पेठेतले दुकानदार शटर अर्धं उघडून तसेच थांबायचे. शिवरात्रीला अप्पांनी खरबूज कापलं, सगळ्यात पहिली फोड महादेवाला, दुसरी मावशीच्या हातावर ठेवली. एरवी ते तिला दारात उभी करून हिशेब करायचे. त्या दिवशी आत बसवलं.

शिवरात्रीच्या पाठोपाठ रमजान आला. इरफानच्या घरी रोजा सोडताना परातीत खजुरांशेजारी खालच्या गल्लीची खरबुजं असायची. त्याची अम्मी फोडींवर बोटभर साखर घालायची आणि इरफान ओरडायचा की याला साखर घालणं म्हणजे नदीचा अपमान आहे. मीही हक्कानं जाऊन बसायची. अंगणात मगरीबच्या अजानपर्यंत वाट बघायची ती शेवटची चार मिनिटं, परातीकडं न बघण्याचं ते नाटक. मला भूक त्यांच्याइतकी नसायची, घाई मात्र जास्त.

संध्याकाळी आम्ही वाडीत जायचो. वाळू वरून तापलेली आणि बोट खुपसलं की आत गार. लांब पुलावरून पूर्णा जंक्शनला जाणारी पॅसेंजर जायची आणि तिच्या खिडक्यांचे उजेड पाण्यात तुकडे तुकडे होऊन हलायचे. मावशी तडकलेलं खरबूज गुडघ्यावर फोडून आमच्या हातात द्यायची. ते विकायचं नसतं म्हणायची. तडकलेलं, म्हणजे आपलं. अंदाजपत्रक तोवर मंजूर झालं होतं. त्यात कमान होती, भिंत होती आणि उतार नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तरी आम्ही बिया वाळूत थुंकत बसायचो. पुढच्या पत्रकाचा मथळा काय करायचा यावर मी आणि इरफान भांडायचो. मावशी मधेच विचारायची, मथळा म्हंजी काय, आणि तिला समजावताना मथळा विसरून जायचा. माझ्या आयुष्यात एवढं हरलेलं आणि एवढं भरलेलं एकाच वेळी मला कधी वाटलं नाही.

भिंत पुढच्या पावसाळ्याच्या आत उभी राहिली. चांगली आहे. त्यानंतर पाणी गल्लीत आलेलं नाही, हे मी लिहिलं नाही तर खोटी ठरेन. पोरं भिंतीवर क्रिकेटचे स्टंप रंगवतात, म्हातारे सावलीला टेकतात. पलीकडं नदी आहे, ती आता ऐकू येते पण दिसत नाही. खाली जायचं तर पुलापाशी वळसा घालून स्मशानाच्या अंगानं जावं लागतं, आणि शेणाच्या पाट्या घेऊन त्या वाटेनं रोज कोण जाणार. एक साल लोकांनी भिंतीला बांबूच्या शिड्या लावल्या, डोक्यावरून खत उतरवलं. जेवढं उतरलं तेवढ्यात दोन-चार वाड्या झाल्या. एका बाईचा पाय मोडला. दुसऱ्या साली शिड्या लागल्या नाहीत. वाट्याच्या दिवशी कुणी खालीच गेलं नाही, तर वाटणार काय? वाळूत आता वेड्या बाभळी माजल्यात.

खरबुजं येतात अजून. टेम्पोनं येतात, कुठून कोण जाणे, सगळी एका मापाची, आणि नाकाशी धरली तरी काही बोलत नाहीत. अप्पा शिवरात्रीचा उपास आता राजगिऱ्याच्या लाडवावर सोडतात. त्याबद्दल ते चिमटासुद्धा काढत नाहीत, आणि अप्पा गप्प बसलेले मला बघवत नाहीत. इरफान पूर्णेला रेल्वेत लागला. नोकरी लागल्याचा त्याचा फोन आला तेव्हा मी अभिनंदन केलं आणि फोन ठेवल्यावर छापखान्यापर्यंत चालत जाऊन आले, उगीच. त्याचा भाऊ आता फक्त लग्नपत्रिका छापतो. मावशी बाजारातून घेतलेली भाजी हातगाड्यावर विकते. मधेमधे पिंगळीला लेकीकडं जाऊन राहते, पण करमत नाही म्हणून परत येते. तिथं स्टेशन जवळ हाय, म्हणते, पर पानी न्हाई.

तर यंदाही नोटीस लागली. दार बंद झाल्यावर मी ती वाचली आणि तशीच खालच्या गल्लीत गेले. आता पालिकेत निवडून आलेले लोक आहेत, हारांचे डाग अजून सदऱ्यांवर असलेले. साहेबही नवे. मी मावशीला म्हटलं, पुन्हा एकदा जाऊ. ती भाजीवर पाणी शिंपडत होती. शेवटच्या जुडीपर्यंत शिंपडत गेली. मग विचारलं, किती वाजता.

जायच्या आदल्या दिवशी तिनं गल्लीला गोळा करून बजावलं, "तितं वाळूवानी बसायचं न्हाई. तितं गाडी सुटल्यावानी बोलायचं. ज्याचं त्यानं."

सभागृह तेच. सतरंजीच्या जागी खुर्च्या आल्यात, नकाशा आता भिंतीवर पडद्यावर दिसतो, त्याला हात लावायची सोयच नाही. नव्या साहेबांनी खालची गल्ली म्हणायचा अवकाश, मावशी उभी राहिली आणि एका दमात बोलली. भिंतीला उतार पायजे, वळनाच्या अलीकडं, बैलगाडी जाईल येवडा, म्हंजी आमी वाड्या करू. आणि बसली. साहेबांनी लॅपटॉपवर लिहिलं, वाचून दाखवलं, बरोबर का विचारलं. ती म्हणाली, बरोबर. तिच्या मागोमाग सगळे उठले. नालीचं, दिव्याचं, संडासाचं, अंगणवाडीच्या पत्र्याचं. एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. साहेब खूश झाले. म्हणाले, एवढा चांगला प्रतिसाद कुठल्याच भागातून आला नाही. मी वाकून लॅपटॉपवर बघून घेतलं. उतार होता. नोंद म्हणजे तरतूद नाही आणि तरतूद म्हणजे काम नाही, एवढं या वर्षांत शिकलेय. पण ज्या कागदावर 'सूचना नाहीत' असं होतं, तिथं आता उतार होता.

मला आनंद झाला. खरोखर झाला. आणि त्या आनंदाच्या मधोमध काहीतरी पोकळ वाजलं. हे मी त्यांना शिकवलं होतं, असं बोलायला. ते माझ्या पत्रकासारखे बोलले होते. छान बोलले होते. त्या दिवशी सतरंजीकडं बघत बसलेली, आम्हाला इतकी महाग पडलेली ती शांतता मला एकदम हवीहवीशी झाली. इरफानला फोन करावा वाटला. पण त्याला काय सांगणार, जिंकलो आणि बरं वाटत नाही?

बाहेर पायऱ्यांवर गल्ली मोकळी झाली होती. एकानं मावशीला छेडलं, "मावशे, फुडल्या वेळंला मेंबरला उभी ऱ्हा, आमी चिट्ट्या वाटू." ती म्हणाली, तुज्या चिट्ट्या कोन वाचतंय मेल्या. सगळे हसत पायऱ्या उतरायला लागले. ती मात्र थांबली. मागं वळून एकेक चेहरा बघायला लागली. तिची नजर लक्ष्मीवर अडली.

लक्ष्मी गल्लीतली एक सून, पंचविशीच्या आतबाहेरची. यंदाच्या पावसाळ्यात तिचा नवरा वीज पडून गेला. घरात सासू अंथरुणाला खिळलेली. आत सगळे बोलत होते तेव्हा ती बोललेली नव्हती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर प्रत्येकाची नोंद झाली का बघत होते.

मावशी म्हणाली, "तुजं राहिलं की गं."

लक्ष्मीनं मान हलवली. काय न्हाई, चला, असं काहीतरी पुटपुटली.

"चला काय? पयली तुजी पाळी व्हती." मावशीचा आवाज बदलला होता. ती लक्ष्मीवर चिडली नव्हती. "आमी सगळे अदुगर बोललाव. आमाला काय झालं व्हतं?"

उतरलेले लोक वर आले.  मावशी पायरीवर बसली आणि तिनं लक्ष्मीला शेजारी बसवलं. ज्या गड्यानं मेंबरकीची थट्टा केली होती तो खालच्या पायरीवर टेकला, त्याच्या बाजूला आणखी दोघं. बघता बघता पालिकेच्या पायऱ्या भरल्या. शिपाई बाहेर आला, वाट अडवू नका, साहेबांना जेवायला जायचंय म्हणाला. मावशी म्हणाली, "जाऊ दे की बाजूनं. ही बगायलीय. झालं की आत यतो, आनखी एक लिवायचं हाय म्हनावं."

मला एका बैठकीला जायचं होतं. पिशवीत वाटायचे कागद होते. मी शेवटच्या पायरीवर बसले आणि खाली बघायला लागले. ऊन पायावर आलं, मग गुडघ्यावर आलं. लक्ष्मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, आणि लांब, भिंतीच्या दिशेला बघत होती. ती अजून काही बोलली नव्हती. कुणी तिला घाई केली नाही.